नववीची हजेरी आणि फडावरचा फोन

पहाटे ५.४०

चहाचं आधण ठेवते तोच फोन वाजतो. जानेवारीत या वेळेला येणारा फोन नातेवाइकाचा नसतो, पालकाचा असतो. नंबर अनोळखी. ऊसतोडीला गेलेल्यांचे नंबर हंगामागणिक बदलतात, आणि रिचार्ज संपला की टोळीतल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून बोलणं येतं. पलीकडे ट्रॅक्टरची घरघर, मागे कुणीतरी कुणाला तरी शिव्या देतंय, आणि त्या गोंधळात एका आईचा चढलेला आवाज.

"मॅडम, लेकरू शाळंत येतंय नव्हं?"

"येतंय की. काल आलं होतं, परवाही होतं."

"मग बास."

ती फोन ठेवायला निघते, मी ठेवू देत नाही. काल पोराशी काय बोलणं झालं, विचारते.

"झालं की. जेवला का म्हणलं, व्हय म्हणला. शाळंत गेलता का म्हणलं, व्हय म्हणला. अभ्यास कर म्हणलं, हं म्हणला. मग त्येच्या आज्याकडं दिला फोन."

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. दिवाळी झाली की वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप कोयता घेऊन निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरला, कुणी खाली कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. तोवर मूल आजीआजोबांजवळ आणि आईबाप फोनवर. जेवलास का, शाळेत गेला होतास का, अभ्यास कर, या तीन वाक्यांवर कितीतरी घरं पाच-पाच महिने चालतात. त्या वाक्यांची थट्टा करावी असं मला कधी वाटलं नाही. तीनशे किलोमीटरवरून, अंधारात, बांधावर चढून रेंज शोधत माणूस आणखी काय विचारणार? पण त्या वाक्यांनी मूल बोलतं होत नाही, हेही रोज दिसतं.

म्हणून मी तिला सांगते, "काल विज्ञानाच्या तासाला तुमच्या पोरानं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर का पडतो ते उभं राहून सांगितलं. सगळा वर्ग ऐकत होता."

"स्टार्टर? त्येला कुणी हात लावू दिला स्टार्टरला?"

"ते त्यालाच विचारा."

आज रात्री त्या घरात निदान एक प्रश्न तरी असा जाईल, ज्याला 'हं' म्हणून भागणार नाही. कदाचित आधी शिव्याच पडतील. पडू देत. शिव्यांनासुद्धा उत्तर द्यावं लागतं.

सकाळी ७.३०

आमच्या घरात पगार दोन, फोन तीन, रात्रीचं जेवण तिघांचं एकत्र. मुलगी तालुक्याच्या शाळेत, तीही नववीतच.

"काल काय झालं गं शाळेत?"

"काही नाही."

"चाचणीचे पेपर दिले?"

"नाही अजून."

रिक्षावाले काका हॉर्न देतात, दप्तर पाठीवर चढतं आणि ती जाते. एका छपराखाली झोपणाऱ्या घरातली ही गत. म्हणून 'आईबाप ऊसतोडीला, मग पोरं काय शिकणार' असं म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सकाळी ८.५०

अप-डाऊनची एसटी. मधल्या वस्त्यांवरून मुली चढतात, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास कंडक्टरच्या नाकासमोर धरतात आणि मागच्या सीटांवर गर्दी करून बसतात. मी पुढे बसते आणि डोळे मिटून घेते. झोप येत नसते, पण मॅडम झोपल्या असं मुलींना वाटलं की त्यांचा आवाज मोकळा होतो.

वर्गात 'काय गं, काय झालं?' विचारलं की ज्या मुली नखं कुरतडतात, त्याच अर्ध्या तासात सगळं बोलतात. कुणाची आजी चार दिवस अंथरुणाला खिळलीय आणि भाकरी हिला थापाव्या लागतात. कुणाला इंग्रजीचे सर उभं करतात म्हणून इंग्रजीच्या दिवशी पोट दुखतं. कुणाच्या घरी कुठले पाहुणे येऊन गेले.

हॉकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोन संशोधकांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास करून २००० साली एक निबंध छापला होता. तोवर असं धरून चालत की जे आईबाप मुलांवर नीट नजर ठेवतात त्यांना मुलांची माहिती असते, आणि म्हणून ती मुलं वाया जात नाहीत. या दोघांनी आधी एवढंच पाहिलं, की आईबापांकडे ही माहिती येते कुठून. चौकशीतून आणि बंधनांतून फार थोडी आलेली होती. बरीचशी मुलांनी आपणहून सांगितलेली होती. म्हणजे ज्याला आपण 'लक्ष' म्हणतो, त्यातला मोठा भाग मुलाच्या हातात असतो. त्याला सांगावंसं वाटलं तर तुमचं लक्ष आहे, नाही वाटलं तर तुम्ही कितीही विचारा.

स्वीडनचं वेगळं आणि आमच्या डोंगरपट्ट्याचं वेगळं, हे कळतं मला. पण एसटीच्या मागच्या सीटवर मला तेच ऐकू येतं.

सकाळी १०.४५

परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार. मुलं वर्गात येतात, मी हजेरीपट उघडते.

पटावर बावन्न. जानेवारीत चाळिशीच्या आसपास उभी राहतात. उरलेल्यांतले काही आईबापांबरोबर गेलेले, काही घरच्या शेरडांमागे, आणि काहींचं कारण कुणालाच सांगता येत नाही.

नववी ही अवघड जागा आहे. आठवीपर्यंत सरकारचा हात मुलाच्या पाठीवर असतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेत शिजणारा पोषण आहार आठवीपर्यंत. फुकट पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगाव चालणारी हंगामी वसतिगृहंसुद्धा आठवीपर्यंतच. २०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. तिथे मोठ्या मुलांनाही जागा आहे, पण एका वसतिगृहात शंभर जण मावतात आणि एकेका तालुक्यातून कोयते निघतात हजारोंनी. बाकीचा पोरगा जूनमध्ये नववीत येतो तो विकतची पुस्तकं आणि घरचा डबा घेऊन. त्याच वर्षी त्याच्या ओठावर लव येते, आवाज फुटतो, आणि गावातला मुकादम, म्हणजे टोळ्या जमवून नेणारा ठेकेदार, त्याच्याकडे नजर टाकून बापाला म्हणतो, "झाला की आता अर्धा कोयता." नवराबायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. त्याला पुन्हा उद्या शाळेत आणायचं तर घरातल्या कुणालातरी ते महत्त्वाचं वाटायला हवं, आणि तसं त्याच्या कानावर पडायला हवं.

हजेरीपटात हे काही मावत नाही. शाळेत गुंतणं तीन तऱ्हेचं असतं, असं फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ साली मांडलं: वागण्यातलं, म्हणजे येणं, बसणं, लिहिणं, मनातलं, म्हणजे शाळा आपली वाटणं, आणि डोक्यातलं, म्हणजे समोरच्या गोष्टीशी झटणं. आमचा हजेरीपट यातलं पहिलंच मोजतो. मागच्या बाकावरचा उंच मुलगा रोज हजर असतो. दिवाळीपासून वर्गात त्याचा 'हजर मॅडम' सोडून दुसरा शब्द मी ऐकलेला नाही.

सकाळी ११.३०

नववीच्या बीजगणितात सहावं प्रकरण आहे, 'अर्थनियोजन'. बचत, गुंतवणूक, आयकर. पुस्तकातले श्री. अमुक वर्षाला काही लाख कमावतात, विम्याचे हप्ते भरतात, भविष्य निर्वाह निधीत पैसे टाकतात आणि मग त्यांना किती कर बसेल ते मुलांनी काढायचं. प्रकरण चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण आयकर भरणारं माणूस वर्गातल्या बहुतेकांनी मास्तर सोडून दुसरं पाहिलेलं नाही. आज मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, घरातली एक जमा आणि एक खर्च वहीत मांडा, खरे आकडे, नाव घालू नका.

फिरत फिरत मागे गेले. उंच मुलाची गणिताची वही कोरीच होती. तिच्याखाली दुसरी वही होती, पाठीमागे तेलाचे डाग पडलेली, दोनशे पानी. त्यानं ती हातानं झाकली. मी हात पुढे केला. थोडा वेळ तसाच गेला, मग त्यानं दिली.

पहिल्याच पानावर उभे रकाने, पट्टीनं आखलेले. तारीख. गाडी. टन. टोळीतले कोयते. आपला वाटा. रुपये. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून ओळीनं भरलेलं. अक्षर गणिताच्या वहीतल्यापेक्षा चांगलं. काही ओळींसमोर प्रश्नचिन्ह होतं.

"हे काय आहे रे?"

"पप्पा काट्यावरच्या पावतीचा फोटो टाकतेत चुलत्याच्या फोनवर. मी लिहून ठेवतो. मुकादमाच्या वहीशी जुळवायला."

"आणि हे प्रश्नचिन्ह?"

"त्या दिवशीच्या पावतीचा फोटो हलल्याला होता. वीस हाय का सव्वीस, कळंना. पप्पाला इचारलं तर म्हणले, गाडीत सव्वीस बसतच न्हाई."

दिवाळीपासून त्याच्याकडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं.

त्याला विचारून, नाव न घालता, त्याचं गणित फळ्यावर घेतलं. दहा कोयत्यांची टोळी, दिवसाला एक गाडी, साधारण वीस टन. एका कोयत्याच्या वाट्याला दोन टन. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे नवराबायकोची दिवसाची मजुरी ७३२. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एक लाख वीस हजार. उचल फिटायला किती दिवस?

भागाकार त्यानंच येऊन केला. खडू जोरात दाबत होता, दोनदा मोडला. १६३ वर उरलं, म्हणून १६४.

"तारीख कुठली येईल?" मी विचारलं.

वर्ग बोटांवर महिने मोजायला लागला. नोव्हेंबरचे तीस, डिसेंबरचे एकतीस. पुढच्या बाकावरच्या मुलीनं सर्वांत आधी सांगितलं, "तेरा एप्रिल, मॅडम. रोज गेलं तर."

"आन् पट्टा मार्चातच पडला तर?" मागून कुणीतरी. गेल्या हंगामात कितीतरी कारखाने मार्चातच बंद झाले होते. हे वर्गाला मी सांगायची गरज नव्हती.

मग तास माझ्या हातात राहिला नाही. आमची उचल दीड लाख, आमची ऐंशी हजार, आमच्या टोळीत कोयते बारा. फिटली नाही तर पुढच्या सालच्या उचलीतून कापतात, म्हणजे पुढच्या साली परत जावंच लागतं, हे एका मुलीनं इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलं की सावकारीचा धडा मी तिच्यापेक्षा बरा शिकवला नसता. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले तरी मुलं वाकून आकडेमोड करत होती.

घरी बोलणं नाही म्हणून मुलं शाळेत रमत नाहीत, हे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं म्हणत आलो. या मुलाच्या घरी बोलणं होतं. रोज होतं. बाप फडावरून विचारत होता, आज किती टन लिहिलेस, आणि पोरगा बापाला सांगत होता, परवाची पावती तुम्ही टाकलीच नाही. बापाला आपल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या अक्कलहुशारीवर भरवसा होता आणि पोराला ते ठाऊक होतं. एवढं घरी असूनही तो वर्गात मुका बसत होता, कारण त्या बोलण्याला शाळेत खपायची जागाच नव्हती. तो दोन वह्या घेऊन येत होता आणि वरची कोरी ठेवत होता.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. खिचडीचा वास साऱ्या आवारात. आठवीपर्यंतची पोरं ताटं घेऊन रांगेत, नववी-दहावीची लिंबाखाली डबे उघडून. डबा नसलेला कुणी नळावर रेंगाळताना दिसला की खिचडी शिजवणाऱ्या मावशी न विचारता ताट पुढे करतात. नियमात बसत नाही ते. कुणी काही बोलतही नाही.

शिक्षकखोलीत नेहमीचं वाक्य आलं, "घरच्यांचं लक्षच नाही हो." आमचे एक सर चांगले आहेत, तळमळीनं शिकवतात. त्यांचं म्हणणं, आईबापांना बोलावून सक्त ताकीद द्यायची: रोज रात्री मुलाचा अभ्यास समोर बसवून घ्या.

मी म्हटलं, सर, कोण बसवणार? आज्याला दिसत नाही. आणि बाप समोर असता तरी काय फरक पडला असता? नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली या वयाच्या मुलांवरचे पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिले होते. पालकांच्या सहभागाचे जितके प्रकार, त्यांत गृहपाठाला मदत करणं हा एकच असा निघाला की ज्याच्याबरोबर गुण वाढताना दिसले नाहीत, उलट उतरतानाच दिसले. सर्वांत घट्ट संबंध निघाला तो वेगळ्याच गोष्टीचा: शिक्षणाचं मोल काय, तुझ्याकडून आमची अपेक्षा काय, शिकतोस त्याचा उद्याशी काय संबंध, हे मुलाशी बोलण्याचा. अडाणी बापसुद्धा हे करू शकतो. फोनवरून करू शकतो.

"मग गृहपाठ देऊ नका म्हणता?" सर.

तसं म्हणत नव्हते. पण चहा आला आणि बोलणं वेतनश्रेणीकडे वळलं.

दुपारी २.५०

नववीतल्या एका मुलीची आजी आली. मुलगीही मागे उभी.

"बसा, आजी."

"बसत न्हाई. हिला दोन दिवस सुट्टी द्या मॅडम. पाव्हणं येणार हायेत."

मुलीचं वय पंधरा. पाहुणे कशाला येणार ते मला विचारावं लागलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचं प्रमाण बावीसच्या आसपास, म्हणजे आमचं जवळपास दुप्पट. लग्न झालं की जोडी होते, जोडी झाली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते. आणि न झालं तर वयात आलेली पोर पाच महिने म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर घरी ठेवायची. आजीची भीती खोटी नाही. पोरीला काही झालं तर सारा गाव तिच्या अंगावर येईल, कायदा नाही.

"हिच्या आईला माहीत आहे का?"

"सांगितलंय की फोनवर. ती व्हय म्हणली."

मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे. आजीला ऑफिसात बसवून, पाणी देऊन, मुलीला प्रयोगशाळेत नेलं.

"आईशी तू बोललीस का यावर?"

"फोन आजोबाचाय. तेंला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर असतो. सगळे बसल्यालेच असतेत."

रोज बोलणं होतं, आणि तरी सांगायचं ते सांगता येत नाही, कारण तिला एकटीला फोनच मिळत नाही. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्हाला 'सुसंवाद' यावर पुष्कळ तक्ते दाखवले होते. स्पीकरफोनचा तक्ता त्यांत नव्हता.

माझ्या फोनवरून तिच्या आईचा नंबर लावला. दुपारची वेळ, फड चालू, उचलेल याची खात्री नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा. उचलला. फोन मुलीच्या हातात दिला, बाहेरून दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभी राहिले. सातवीची पोरं कवायतीला चालली होती, त्यांना गप्प करत राहिले. बराच वेळ गेला. मग दार उघडलं, फोन माझ्याकडे आला.

"मॅडम," आईचा आवाज घोगरा झालेला. "मला सांगितलं, पोरीलाच करायचंय म्हणून. म्हणून मी व्हय म्हणले. ती तर रडायली."

"मग आता?"

"मी येईस्तोवर एक पाव्हणा दारात येता कामा न्हाई. द्या म्हातारीकडं."

फोन ऑफिसात नेऊन आजीला दिला, या वेळी स्पीकर बंद करून. आजी सुरुवातीला तावातावानं बोलत होती, नंतर नुसती ऐकत होती. तिचं झाल्यावर मी माझं सांगितलं. २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा काय म्हणतो, गावात ग्रामसेवकाकडे याची जबाबदारी असते, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, हे. आजी उठताना म्हणाली, "तुमचं बरंय मॅडम, तुमी पाचला घरी जाता." त्याला उत्तर नव्हतं माझ्याजवळ. मुलगी पुढच्या तासाला वर्गात बसली. पाहुणे उद्या येतात की नाही ते उद्या कळेल. एसटीतल्या मागच्या सीटवरून कळेल.

सायंकाळी ५.०५

शाळा सुटली. यू-डायसची माहिती, अपार आयडीची राहिलेली नावं, आधारवरचं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं अशा मुलांची यादी. साइट चालेना. घरी करू म्हणून बस पकडली.

रात्री ८.३०

शाळेची रीतसर पालकसभा शनिवारी दुपारी असते. जानेवारीत तिला आजोबा लोक येतात, सही करतात, चहा घेतात, नातवाला दोन शब्द सुनावतात आणि जातात. ज्यांच्याशी बोलायचं ते फडावर. म्हणून माझी सभा रात्री भरते. साडेआठ ते साडेनऊ ही वेळ बरी. गाडी भरून गेलेली असते, चुली पेटलेल्या असतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेला अजून अवकाश असतो.

एका टोळीत आमच्या वर्गातली तीन-चार घरं निघतात. ती एका कोपीसमोर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसमोर, जमतात, एकाच फोनवर. इथे स्पीकर चालतो, पण माझी दोन पथ्यं आहेत. स्पीकरवर गुण सांगायचे नाहीत आणि तक्रार सांगायची नाही. एकेका मुलाचं त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी सांगायचं. कुणी खो-खोत कसा चकवला, कुणी दुसऱ्याची सायकल ओढत आणली. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं ऐकून आईबाप आपल्या पोराविषयी बोलायला लागतात. तक्रार असलीच तर नंतर वेगळी, एकेकाशी. निरोप मात्र मी पोचवत नाही. 'त्याला सांगा' म्हटलं की मी फोन लावून देते. मॅडमच्या तोंडून आलेला बापाचा निरोप मुलाला ताकीदच वाटतो, आणि मॅडमच्या तोंडून गेलेला मुलाचा निरोप बापाला.

आजची सभा नेहमीसारखी झाली. चुलीत वाढं ओली म्हणून धूर, कुणाच्या तरी लहानग्याचं रडणं, मध्येच रेंज जाणं. संपवणार तेवढ्यात एकाचा आवाज आला, "स्पीकर बंद करा रं." उंच मुलाचे वडील.

"मॅडम, आमचं पोरगं वर्गात आमची उचल सांगत बसलं म्हणं?"

शेजारच्या कोपीतल्या बाईच्या मुलीनं संध्याकाळीच बातमी पोचवली होती. आवाजात राग होता, आणि रागाखाली लाज.

"नाव कुणाचंच घेतलं नाही, भाऊ. आकडा मी त्याला विचारूनच मांडला. आणि वर्गात निम्म्यांचा आकडा तसाच निघाला. कुणी हसलं नाही."

ते काही बोलले नाहीत.

"त्याची वही पाहिली मी. तारीखवार आहे सगळं. दिवाळीपासून आज पहिल्यांदा तो वर्गात बोलला."

"घरी लई बोलतो," ते म्हणाले. "पावती टाकायला उशीर झाला तर मलाच दरडावतो." मग जरा थांबून, "काय काढलं त्यानं?"

"उचल फिटायला १६४ दिवस. तेरा एप्रिल."

"खाडे धरले का?"

"नाही."

"आन् खर्ची? आठवडी बाजाराला मुकादमाकडनं घेतो ती?"

"तीही नाही धरली."

"मग कसलं गणित ते! खाडा झाला की मजुरी जाते ती जाते, वरून दंड बसतो. सांगा त्येला, परत काढ म्हणावं."

"मी नाही सांगणार. तुम्हीच लावा फोन."

"आत्ता? झोपलं असंल."

"नववीतलं पोरगं साडेनऊला झोपतं होय?"

ते हसले. "१६४ म्हणला ना?" आणि बाजूला कुणालातरी, "ए, ती खाड्याची चिठ्ठी कुठंय, बघ बरं पिशवीत."